बंद पडलेली मोटारसायकल आणि नवशिका



आजच्या माझ्या भाषणाचा विषय कोणा थोर पुरुषाचें चरित्र नाहीं, कीं एखाद्या मोठ्या शोधाची कथाही नाहीं. अनेक घरांच्या जिन्याखालीं, पडवींत किंवा इमारतीच्या आवाराच्या कोंपऱ्यांत एक जुनी मोटारसायकल धूळ खात उभी असते. ती पुन्हां नीट चालती कशी करावी, आणि ज्यानें आजवर हातांत पाना धरलेला नाहीं अशा माणसानें तें काम कोणत्या क्रमानें करावें, एवढाच तो विषय आहे. मी कारागीर नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि सारी हयात प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे व परिच्छेद शिकविण्यांत गेली. परंतु मास्तराला शाळेंत वेळेवर पोहोंचावयाचें तर त्याची गाडी वेळेवर चालू व्हावी लागते. त्या गरजेपोटीं तीस वर्षें मिस्त्र्यांच्या शेजारीं उकिडवें बसून जें पाहिलें आणि मागाहून स्वतःच्या हातानें केलें, तें मी सांगणार आहे.

आमचें जूचंद्र हें वसई तालुक्यांतील गांव. पश्चिम रेल्वेच्या नायगांव स्थानकाच्या पूर्वेस तें वसलेलें आहे, आणि वसई रोड ते दिवा या लोहमार्गावर त्याचें स्वतःचेंही एक लहानसें स्थानक आहे. गांवाला चंडिकादेवीची टेकडी आहे; अलीकडे तर गांवाचें नांव ऐकलें कीं लोकांना येथील रांगोळी काढणारे कलावंत आठवतात. परंतु मोटारसायकलच्या दृष्टीनें या गांवाची ओळख निराळी आहे. खाडी जवळ, मिठागरें जवळ, आणि पावसाळा चार महिन्यांचा! खारट, दमट हवेंत लोखंड किती दिवस लोखंड राहतें, हें येथल्या प्रत्येक खिडकीच्या गजाला ठाऊक आहे. हवेंतील क्षार धातूवर बसतात, ते ओलावा ओढून घेतात, आणि गंज रात्रंदिवस आपलें काम करीत राहतो. चालती गाडी इंजिनाच्या उष्णतेनें रोज कोरडी होते. उभी गाडी होत नाहीं. म्हणून आमच्याकडे मोटारसायकल वापरून जितकी झिजते, त्याहून न वापरतां अधिक बिघडते.

गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. त्याला भिवंडीच्या एका गोदामांत नोकरी लागली होती, आणि तीही पाळीची. आमच्या लोहमार्गावर दिवसांतून गाड्या मोजक्या. चिंचोटी-कामणच्या रस्त्यानें जावयाचें तर स्वतःचें वाहन हवें. नवी गाडी हप्त्यांनीं घ्यावी, तर पगाराचा तिसरा हिस्सा त्यांतच जाणार. घरीं वडिलांची मोटारसायकल होती. वडील आजारी पडले तेव्हांपासून ती पडवींत उभी होती. पुढें ते वारले, आणि गाडीवरून एकंदर चार पावसाळे गेले. एका कारागिरानें ती न उघडतांच 'इंजिन गेलें' असें सांगून बारा हजारांचा आंकडा सांगितला. भंगारवाला दोनदां दारावर येऊन गेला. आईचें म्हणणें एकच होतें: गाडी चालू होवो वा न होवो, ती भंगारांत जावयाची नाहीं. "गुरुजी, बाबांची गाडी चालू होईल का हो?" असें त्यानें विचारलें, तेव्हां त्या प्रश्नांत केवळ यंत्राची चौकशी नव्हती.

ही गाडी हिरो होंडा कंपनीची २००७ सालची स्प्लेंडर. हिचें कूळ थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९८४ ते १९८६ या अवघ्या तीन वर्षांत जपानी कंपन्यांच्या सहकार्यानें शंभर सीसीच्या चार मोटारसायकली आपल्या देशांत निघाल्या: इंड-सुझुकीची एएक्स १००, हिरो होंडाची सीडी १००, एस्कॉर्ट्सनें काढलेली यामाहा आरएक्स १००, आणि पुण्याच्या बजाजची कावासाकी केबी १००. त्यांपैकीं तिघींचीं इंजिनें टू-स्ट्रोक होतीं. त्यांत पेट्रोलबरोबर तेलही जळे आणि मागें निळसर धुराची शेपटी राही. एकटी सीडी १०० तेवढी फोर-स्ट्रोक. धांवेंत ती आरएक्सच्या मागें पडे, पण पेट्रोल फार थोडें पिई. पुढें प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसतशा टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारांतून मावळल्या. आणि सीडी १०० च्या वंशांतील स्प्लेंडर, जी १९९४ सालीं निघाली, ती गांवोगांव पसरली. हिरो व होंडा विभक्त होऊन २०११ सालीं कंपनीचें नांव बदललें, तरी स्प्लेंडर चालूंच राहिली. नवशिक्याचा यांत फायदा असा कीं, तिचे भाग कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणीं मिळतात. ज्यांच्या घरीं येझ्दी किंवा राजदूत उभी असेल, त्यांना भागांसाठीं पुण्याच्या नाना पेठेसारख्या जुन्या बाजारांत अधिक हिंडावें लागेल. परंतु मी सांगतों तो क्रम त्यांनाही बहुतांशीं लागूं पडेल.

हत्याराला हात लावण्यापूर्वीं मीं त्याला कागद आणावयास सांगितले. तरुणांना याचा कंटाळा असतो, परंतु ज्या गाडीचे कागद धड नाहींत तिच्यावर पैसा घालणें म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीला रंग देणें होय. खाजगी दुचाकीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते. ती संपल्यावर परिवहन कार्यालयांत २५ क्रमांकाचा अर्ज देऊन, गाडी दाखवून, पुढील पांच वर्षांसाठीं तिचें नूतनीकरण करावें लागतें, आणि महाराष्ट्रांत त्याबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें २९ व ३० क्रमांकांचे अर्ज करावयाचे. मालक वारला असेल तर वारसानें ३१ क्रमांकाचा. मृत्यूनंतर ३० दिवसांत कार्यालयास कळवावें व तीन महिन्यांच्या आंत अर्ज करावा, असा नियम आहे. उशीर झाला कीं दंड पडतो, आणि दुःखांत असलेल्या घराला या गोष्टी सहसा सुचत नाहींत. या गाडीचा क्रमांक ठाण्याचा, म्हणजे एमएच-०४ चा होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला; त्यापूर्वीं वसई ठाणे जिल्ह्यांत होती. वसईच्या नव्या गाड्यांवर आतां एमएच-४८ असतें. सांगाड्यावर कोरलेला चॅसिसचा क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक आम्हीं नोंदणीपत्राशीं ताडून पाहिले, ते जुळले. न जुळते तर मी तेथेंच थांबा म्हणालों असतों.

यानंतर नवशिक्याच्या हातून जी पहिली चूक घडते ती अशी: तो गाडी पुसतो, नवें पेट्रोल घालतो आणि किक मारूं लागतो. "मारूं का, गुरुजी?" असें म्हणून आमच्या तरुणानेंही पाय उचललाच होता. मीं म्हटलें, "नको रे, अजून नको." कारण असें आहे: इंजिनाच्या सिलिंडरमध्यें पिस्टन वरखालीं सरकतो, आणि त्याच्या भोंवतालच्या पोलादी रिंगा भिंतीला घट्ट टेकलेल्या असतात. चालत्या गाडींत दोहोंमध्यें तेलाचा पातळ पापुद्रा असतो. चार वर्षांत तें तेल खालीं उतरून जातें, भिंत कोरडी पडते, आणि दमट हवेनें रिंगा जेथें टेकल्या असतील तेथें गंजाची बारीक रेघ धरते. अशा स्थितींत जोरानें किक मारली तर तो गंज कानशीप्रमाणें भिंत ओरबाडतो. मग जें इंजिन गेलेलें नव्हतें, तें खरोखरच जातें.

म्हणून प्रथम स्पार्क प्लग काढावा. काढण्यापूर्वीं त्याच्या भोंवतालची माती फुंकून टाकावी, नाहीं तर ती सरळ सिलिंडरमध्यें पडेल. प्लगाच्या भोंकांतून इंजिन-ऑइलचे दोन लहान चमचे आंत सोडावे आणि गाडी एक रात्र तशीच ठेवावी. दुसऱ्या दिवशीं गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, वरचा गिअर टाकून, मागील चाक हातानें हळूहळू फिरवावें. चाकाबरोबर पिस्टन हलतो. अडकलाच तर जोर न करतां थोडें मागें, थोडें पुढें असें करावें, आणखी तेल घालावें, आणखी एक रात्र जाऊं द्यावी. आमचें चाक दुसऱ्या सकाळीं फिरलें. इंजिन 'गेलेलें' नाहीं, ही पहिली खूण तेथेंच मिळाली.

मग जुनें तेल खालच्या नटातून एका भांड्यांत काढावें व नीट पाहावें. काळें असेल तर तें केवळ जुनें आहे. दुधाळ, ताकासारखें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. २०१८ च्या जुलैंत वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखालीं गेला होता. अशा पुरांत बुडालेल्या गाड्यांचें तेल बहुधा असेंच निघतें, आणि मग तें दोन-तीनदां बदलल्यावांचून गत्यंतर नसतें. भांड्याच्या तळाशीं धातूचे चकचकीत कण दिसले तर मात्र जाणत्याला दाखवावें. या गाडीला तेल एका लिटरहून थोडें कमीच लागतें, पण तें मोटारसायकलचेंच घालावें. हिचा क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो, आणि मोटारगाडीच्या कित्येक तेलांत निसरडेपणासाठीं घातलेल्या द्रव्यांनीं तो घसरूं लागतो.

आतां इंजिन चालतें कसें, हें दोन शब्दांत सांगितलें पाहिजे; कारण तें समजल्यावांचून दुरुस्ती म्हणजे अंधारांत काठी फिरविणें होय. जर्मनींत निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं जें चार धक्क्यांचें इंजिन सिद्ध केलें, तेंच तत्त्व या शंभर सीसीच्या इंजिनांत आहे. पहिल्या धक्क्यांत पिस्टन खालीं जातो आणि पेट्रोल-हवेचें मिश्रण आंत ओढलें जातें. दुसऱ्यांत तो वर येऊन तें दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण भडकून पिस्टनला खालीं ढकलतें, हा तिसरा. आणि चौथ्यांत जळलेला वायु बाहेर जातो. चारांपैकीं एकच धक्का कमाईचा, बाकीचे तीन खर्चाचे! इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर हा सारा संसार मिनिटाला दोन हजार वेळां होतो. यावरून दिसेल कीं, इंजिनाला गोष्टी तीनच लागतात: योग्य मिश्रण, पुरेसा दाब, आणि वेळेवर ठिणगी. बंद इंजिनांत यांपैकीं एक तरी नसते. ती कोणती, हें शोधून काढणें हेंच खरें काम. भाग बदलणें हें मागाहूनचें. आमच्याकडील पुष्कळ कारागीर हा शोध टाळून एकामागून एक भाग बदलीत सुटतात, आणि जो शेवटीं बदलला त्याच्यावर खापर फोडतात. खर्च मात्र सर्वांचा गिऱ्हाइकानें सोसावयाचा.

दाबाची परीक्षा अगदीं सोपी आहे. प्लगाच्या भोंकावर आंगठा घट्ट दाबून धरावा, आणि दुसऱ्यानें हळूच किक खालीं न्यावी. दाब चांगला असेल तर आंगठा 'फट्' करून उडतो, कितीही धरला तरी. नुसताच वारा लागला तर दाब कमी आहे. अशा वेळीं चमचाभर तेल आंत घालून पुन्हां पाहावें: दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर झडपांचा, ज्यांना कारागीर व्हॉल्व्ह म्हणतात. झडपांच्या टॅपेटमध्यें केसाच्या जाडीच्या घरांतली फट असावी लागते. ती मुळींच उरली नसेल तर झडप पुरती मिटत नाहीं व दाब निसटतो. हें काम नवशिक्यानें पहिल्या वेळीं एकट्यानें करूं नये. सुदैवानें आमच्या तरुणाचा आंगठा चांगला उडाला, आणि त्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावर आठ दिवसांतलें पहिलें हंसूं आलें.

ठिणगीकडे वळूं. बॅटरी मेली म्हणून गाडी चालू होत नाहीं, असा एक सार्वत्रिक समज आहे. पायानें किक मारावयाच्या त्या काळच्या बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांत ठिणगीची वीज बॅटरींतून येत नाहीं. इंजिनाच्या एका अंगास फिरणाऱ्या चुंबकचक्रांतून, म्हणजे मॅग्नेटोंतून, ती येते. बॅटरी हॉर्न व सिग्नल यांसाठीं. परीक्षा करतांना प्लग त्याच्या टोपींत बसवून, त्याचें धातूचें अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून किक मारावी. तो उघड्या बोटांनीं धरूं नये, रबरी मुठीच्या पकडीनें धरावा. आणि जवळ पेट्रोलचा वास मुळींच नसावा. निळी, कडकडीत ठिणगी दिसली तर उत्तम. आमची पिवळी, अशक्त आणि अधूनमधून पडणारी होती. नवा प्लग घातला तरी तीच! अर्थात् दोष प्लगाचा नव्हता. टोपी पिळून तारेपासून वेगळी केली, तों तारेच्या टोंकाला तांब्याचा हिरवा गंज चढलेला. मिठागराच्या हवेचीच ती करणी. तार पाव इंच कापून टोपी पुन्हां पिळून बसविली, जोडण्या पॉलिश-कागदानें घांसल्या, आणि ठिणगी निळी झाली. खर्च शून्य. नव्या प्लगाच्या दोन टोंकांतील अंतर अर्ध्या मिलिमीटरहून थोडें अधिक असावें. आणि प्लग बसवितांना पहिले आटे हातानेंच फिरवावे, कारण त्याचे आटे ॲल्युमिनियममध्यें असतात आणि पान्यानें वांकडे घुसविले तर कायमचे जातात.

राहिलें मिश्रण, आणि चार पावसाळे उभ्या असलेल्या गाडीचा खरा रोग बहुधा येथेंच असतो. पेट्रोल नासतें, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. त्यांतला हलका अंश उडून जातो, आणि उरलेल्या भागाचा हळूहळू चिकट, पिवळट डिंक होतो. शिवाय आपल्या पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असतें. त्याचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ सालीं शेंकडा २० पर्यंत पोहोंचलें. इथेनॉल हवेंतला ओलावा पितें. तो प्रमाणाबाहेर गेला कीं पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून निराळें होतें आणि टाकीच्या तळाशीं बसतें, आणि तळालाच तर पेट्रोलचा कॉक असतो. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वॉशर या मिश्रणासाठीं घडविलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, चिरतात. म्हणून नळी बदलण्यांत कंजूषपणा करूं नये.

टाकी उघडून आंत विजेरीचा उजेड टाकला तों तळ विटकरी दिसला. जुनें पेट्रोल काढून टाकलें. मग आंत शिरका घालून, थोडे लहान नट टाकून टाकी हलवून हलवून घुसळली आणि एक दिवस ठेवली. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवून, लगेच उन्हांत व पंख्याखालीं कोरडी करून, थोड्या पेट्रोलनें विसळली. टाकलेले नट मोजून बाहेर काढावे, हें सांगावयास नकोच. नव्या नळींत एक पारदर्शक लहान गाळणी बसविली. उरलेला गंज तेथें अडतो व डोळ्यांना दिसतो.

कार्ब्युरेटर हा नवशिक्याला सर्वांत भिववणारा भाग. वस्तुतः ती एक अत्तरदाणीसारखीच गोष्ट आहे: वेगानें जाणारी हवा बारीक भोंकांतून पेट्रोल ओढून घेते. त्या भोंकांना जेट म्हणतात, आणि इंजिन मंद चालतांना ज्या जेटमधून पेट्रोल येतें त्याचें छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतें. आमच्या गांवच्या रांगोळीकाराच्या चिमटींतून जी सर्वांत बारीक रेघ सुटते, तीही याहून जाड असेल. एवढ्या छिद्रांत डिंकाचा एक कण बसला कीं गाडी चोक ओढल्यावांचून चालत नाहीं, किंवा चालते आणि सिग्नलला मरते. तें भोंक तारेनें टोंचूं नये; पितळ मऊ असतें, छिद्र मोठें होतें, आणि पुढें आयुष्यभर गाडी पेट्रोल अधिक पिते. डिंक विरघळविणारा फवारा बाजारांत मिळतो. तो मारून, रात्रभर ठेवून, सायकलच्या पंपानें हवा मारावी आणि जेट उजेडाकडे धरून आरपार गोल दिसतें का पाहावें. खोलण्यापूर्वीं प्रत्येक पायरीचें मोबाइलवर छायाचित्र घ्यावें. आमच्या काळीं आम्ही कागदावर आकृति काढीत असूं, त्याहून हें फार बरें. आणखी एक बारीक गोष्ट: या गाडीचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. ते आपल्या नेहमींच्या स्टार पेचकसासारखे दिसले तरी त्याची नोक त्यांत पुरती बसत नाहीं, आणि जोर करतांच फुली घांसून गुळगुळीत होते. आधीं गंज सोडविणारें तेल मारावें, पेचकसाच्या मुठीवर हातोडीची एक हलकी थाप द्यावी, आणि मग फिरवावें.

हवेची गाळणीही विसरूं नये. एक लिटर पेट्रोल जळण्यास सुमारें ९ घनमीटर हवा लागते. म्हणजे एका लहान न्हाणीघरांत मावेल एवढी सगळी हवा, तिच्यांतल्या सगळ्या धुळीसकट, एका लिटरमागें इंजिन पिऊन टाकतें. मळलेली गाळणी बदलण्यास जो खर्च येतो, तो रिंगांच्या खर्चापुढें कांहींच नाहीं.

इतकें झाल्यावर, नवव्या दिवशीं, नवें पेट्रोल घालून, चोक ओढून त्यानें किक मारली. चौथ्या किकला इंजिन लागलें. आई दाराशीं आली, कांहीं बोलली नाहीं, आणि परत आंत गेली. पहिल्यानें धूर भरपूर आला, तो सिलिंडरमध्यें घातलेल्या तेलाचा. पांच मिनिटांत तो विरळ झाला. धूर निळा आणि सततचा राहिला तर इंजिन तेल जाळतें आहे. काळा असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जातें आहे. पांढरी वाफ थंड सकाळीं क्षणभर दिसली तर चिंता नको. मात्र गाडी बंद पडवींत किंवा खोलींत चालू ठेवूं नये. तिच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि माणसाला आपण गुदमरतों आहों हें कळण्याच्या आधींच तो झोंपतो.

बहुतेक लोक येथें काम संपलें असें समजतात. माझ्या मतें तें येथें अर्धेंही झालेलें नसतें. गाडी चालू होणें हा गमतीचा भाग. ती थांबणें हा जिवाचा. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ११ मीटर पुढें जाते, आणि पुढचा माणूस आडवा आला हें डोळ्यांनीं पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत जवळजवळ तो सेकंद जातो. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचें अंतर चौपट होतें. उभ्या गाडीचे ब्रेक वरून शाबूत दिसतात. परंतु ब्रेकशूवरील लाइनर डिंकानें चिकटविलेले असतात, आणि ओलाव्यानें पत्र्याला गंज चढून ते सुटूं लागतात. असा सुटलेला लाइनर चालत्या चाकांत अडकला तर चाक जागच्या जागीं थांबतें. म्हणून दोन्हीं चाकें उघडून चारही ब्रेकशू नवे घालावे, मग जुन्यांची जाडी कितीही असो. ड्रममधील काळी भुकटी तोंडानें फुंकूं नये. ओल्या फडक्यानें पुसावी. ब्रेकची केबल हातानें ओढून पाहावी. आंत एखादी तार तुटलेली असेल तर ती बदलावी.

टायर नक्षी शिल्लक असली तरी म्हातारा होतो. त्याच्या कडेला एका लंबगोलांत चार आंकडे असतात: पहिले दोन वर्षांतल्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या मागच्या टायरवर ३५१४ होतें, म्हणजे २०१४ सालचा ३५ वा आठवडा. रबर कडक झालें होतें आणि कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा होत्या. कामणच्या रस्त्यावरील खड्ड्यांत पावसाळ्यांत असा टायर घेऊन जाण्यास मीं साफ मनाई केली. तो थोडा नाराज झाला. पहिल्या पगारापर्यंत चालवीन म्हणाला. मीं म्हटलें, "मग पहिल्या पगारापर्यंत दिव्याच्या गाडीनें जा." शेवटीं दोन्ही टायर, ट्यूबा, ब्रेकशू, केबली आणि सांखळीसह दोन्ही दांतेरी चक्रें घेतलीं. सांखळी आणि चक्रें एकत्रच बदलावीं. जुन्या चक्रावर नवी सांखळी लवकर झिजते. सांखळीला मध्यभागीं बोटानें वरखालीं दोनअडीच सेंटिमीटर ढील असावी. हिशेब केला तेव्हां असें दिसलें कीं, गाडी चालू करण्यास जेवढे पैसे लागले, त्याच्या तिपटीहून अधिक ती थांबविण्यास व सरळ चालविण्यास लागले. तरीही एकूण आंकडा त्या बारा हजारांच्या बराच आंत राहिला.

क्लच चिकटला असेल तर पहिला गिअर टाकतांच गाडी झटका देऊन मरते. त्यासाठीं इंजिन गरम करून, ब्रेक धरून, क्लच दाबून, मोकळ्या जागीं गिअर टाकावा. दोनचार वेळांत तबकड्या सुटतात. दिवे, हॉर्न, मागचा तांबडा दिवा यांसाठीं नवी बॅटरी घातली. विमा आणि प्रदूषणाचें प्रमाणपत्र हीं दोन्हीं झाल्यावांचून, आणि नोंदणीचें नूतनीकरण झाल्यावांचून, गाडी कामावर न्यावयाची नाहीं, असें आमचें ठरलें होतें. तपासणींत ती पास झाली.

पहिल्या आठवड्यांत लांब जाऊं नये. घराजवळच फिरावें, दर वेळीं परत आल्यावर गाडीखालीं पुठ्ठा टाकून ठेवावा आणि सकाळीं त्यावर कशाचे थेंब पडले आहेत तें पाहावें: पेट्रोलचे कीं तेलाचे, आणि कोठून. चाकांचे व हँडलचे नट पुन्हां आवळावे. साधारण ५०० किलोमीटर झाल्यावर तेल पुन्हां बदलावें, कारण आंतली चार वर्षांची घाण पहिलें तेल धुवून आणतें. त्याच वेळीं प्लग काढून त्याचें टोंक पाहावें. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काजळीसारखें काळें व कोरडें असेल तर पेट्रोल अधिक. पांढरें फटफटीत असेल तर हवा अधिक, आणि तें इंजिनाला फार तापवितें. ओलें व तेलकट असेल तर रिंगांची चौकशी करावी. आमच्या तरुणाचा प्लग काळसर निघाला; कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू पाव फेरा बाहेर घेतल्यावर पुढच्या पाहणींत तो तपकिरी झाला. पुढच्या डाव्या शॉकॲब्सॉर्बरच्या सीलमधून मात्र अजून तेल पाझरतें. त्याचें सील तो येत्या रविवारीं स्वतःच बदलणार आहे. पाने माझ्याकडून कालच घेऊन गेला.